हिरवी चमक आणि युरेनियम: निफाडच्या मातीविषयीच्या एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुमच्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, रात्री पाणी द्यायला जाताना विंचू दिसावेत म्हणून घरात अतिनील प्रकाशाची बॅटरी आणली आहे, आणि एके रात्री त्या बॅटरीच्या उजेडात शेडजवळच्या मातीवर तुम्हाला हिरवेगार चमकणारे डाग दिसले. युरेनियमचे क्षार अतिनील प्रकाशात हिरवे चमकतात हे तुम्ही एम.एस्सी.च्या वर्गात शिकला आहात, शेडमध्ये डीएपीच्या गोण्या रचलेल्या असतात आणि फॉस्फेटच्या खतात युरेनियमचा अंश असतो हेही वाचले आहे. तेव्हा हे डाग युरेनियमचे तर नाहीत ना, अशा चमकेच्या प्रकाशचित्रांवरून माती-पाण्यातला आण्विक पदार्थ खरोखर ओळखतात का, आणि घरच्या बोअरचे पाणी प्यावे की नाही, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. नाशिकमध्ये राहून माती-पाण्यातले युरेनियम फ्लुरोसेन्सने, म्हणजे अतिनील प्रकाश टाकल्यावर येणाऱ्या चमकेवरून, मोजण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ केले आहे, आणि तुमच्यासारखी शंका घेऊन आलेली माणसे मी अनेकदा पाहिली आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देतो, कारण घरातली मंडळी त्याच काळजीत असतील. ते डाग युरेनियमचे असण्याची शक्यता मला जवळजवळ दिसत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. पृथ्वीच्या कवचात दर किलोमागे सरासरी २.७ मिलिग्रॅमच्या आसपास युरेनियम असते. ग्रॅनाइटमध्ये ते तीन-चार मिलिग्रॅमपर्यंत जाते, तर आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ते बहुधा एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. निफाडची काळी माती याच पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे. चमचाभर माती पाच ग्रॅम धरली तर तिच्यात फार तर पाच मायक्रोग्रॅम युरेनियम येईल, तेही एका जागी साठलेले नाही, सगळ्या मातीभर विखुरलेले. खताचे म्हणाल तर फॉस्फेटच्या खनिज दगडात किलोमागे ५० ते २०० मिलिग्रॅम युरेनियम सर्रास आढळते, आणि त्या दगडापासून फॉस्फोरिक आम्ल करताना बहुतेक युरेनियम आम्लाबरोबर पुढे जाते, त्यामुळे ते डीएपीत उतरते हे तुम्ही वाचलेले खरे आहे. परंतु गोणी फुटून खत सांडले तरी साध्या बॅटरीच्या उजेडात डोळ्यांना हिरवेगार दिसावे एवढे ते नसते.

मग चमकले काय? तुम्ही लिहिले आहे की डाग शेडच्या दारासमोर, ट्रॅक्टर उभा राहतो त्या बाजूला आहेत आणि त्यांचा आकार थेंब पडून पसरल्यासारखा आहे. माझा पहिला संशय रेडिएटरमधून गळणाऱ्या कूलंटवर आहे. अनेक हिरव्या कूलंटमध्ये फ्लुरोसीन जातीचा रंग घातलेला असतो, आणि त्याच्या चमकेचे शिखर ५१५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे युरेनियमच्या सर्वांत ठळक रेषेच्या अगदी शेजारी येते. डोळ्यांना हा फरक कळणे शक्य नाही. तो घरच्या घरी ओळखण्याची एक रीत सांगतो. हातमोजे घालून डागाखालची चिमूटभर माती काचेच्या पेल्यात घ्या, त्यात गाडीच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर अर्धा पेला ओता, ढवळा आणि गाळ खाली बसू द्या. वरचे पाणी अंधारात बॅटरीखाली हिरवे चमकले, तर त्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घाला. फ्लुरोसीन असेल तर चमक झटकन मंदावते, आणि नंतर चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा घालत गेले की फेस बसल्यावर ती परत येते. युरेनियमचे वागणे याच्या उलट असते: सोड्यातून मिळणाऱ्या कार्बोनेटने त्याची चमक नाहीशी होते. कूलंटच निघाले तर त्याचीही काळजी घ्यायला हवी. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री आणि वासरे ते चाटतात, आणि त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. तेवढी माती उकरून काढा आणि ट्रॅक्टरची गळती आधी बंद करून घ्या.

आता दुसऱ्या, माझ्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येतो. ‘युरेनियम चमकते’ हे वाक्य आपण सवयीने बोलतो, पण चमकतो तो युरेनिल आयन, म्हणजे विद्युतभार असलेला एक अणुगट. त्यात मधे एक युरेनियम आणि दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन अशी सरळ रेषेतली रचना असते, आणि युरेनियम +६ या ऑक्सिडीकरण अवस्थेत असते, म्हणजे त्याने सहा इलेक्ट्रॉन गमावल्याचे धरतात. अतिनील किंवा जांभळ्या प्रकाशाने हा आयन उत्तेजित झाला की तो हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. या क्रियेला आपल्याकडे अनुस्फुरण हा शब्द आहे, पण प्रयोगशाळेत सगळे फ्लुरोसेन्सच म्हणतात, म्हणून मीही तोच वापरतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली या घटनेला हे नाव दिले, तेव्हा त्यांनी तपासलेल्या पदार्थांत युरेनियमची पिवळसर काचही होती. आणि हेन्री बेकरेल १८९६ साली किरणोत्सारापर्यंत पोहोचले ते पोटॅशियम युरेनिल सल्फेटच्या स्फटिकांची चमक अभ्यासतानाच. युरेनियमची ओळख पटवण्याचा हा मार्ग गायगर काउंटरपेक्षा जुना आहे.

युरेनिलची चमक दोन खुणांनी ओळखतात. पहिली खूण वर्णपटातली. फ्लुरोसीनसारख्या सेंद्रिय रंगाचा वर्णपट एका पसरट टेकडीसारखा दिसतो. युरेनिलच्या वर्णपटात मात्र एकापुढे एक टोके येतात. पाण्यातील द्रावणात ती साधारण ४९६, ५१६ आणि ५४० नॅनोमीटरपाशी पडतात आणि पुढे आणखी एक-दोन बुटकी टोके असतात. ऑक्सिजन-युरेनियम-ऑक्सिजन ही साखळी ताणली-आखडली जाते त्या कंपनाच्या ऊर्जेएवढे अंतर या टोकांमध्ये असते, म्हणून ती कंगव्याच्या दातांसारखी सारख्या अंतराने उभी राहतात. जुनी डीव्हीडी सोलून तिच्या तुकड्याचा वर्णपटदर्शक तुम्ही कॉलेजात नक्कीच केला असेल. पुरेशी उजळ चमक असेल तर तेवढ्यावरही पसरट टेकडी आणि दाते यांतला फरक दिसतो. तुमच्या डागांवर हा प्रयोग करून पाहा. एकसलग हिरवा-पिवळा पट्टा दिसला तर शंका मिटली असे समजा.

दुसरी खूण वेळेची आहे, आणि प्रतिमा घेण्याची सगळी विद्या तिच्यावर उभी आहे. फ्लुरोसीनचा रेणू प्रकाश बंद झाल्यावर चार नॅनोसेकंदांत विझतो. मातीतले ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे अंश), पानांतले हरितद्रव्य, कपड्याला चकाकी आणणारी डिटर्जंटमधली द्रव्ये, ही सगळी याच घाईची. युरेनिल मात्र रेंगाळतो: साध्या आम्लयुक्त पाण्यात एक-दोन मायक्रोसेकंद आणि फॉस्फेटच्या सोबतीत शंभर मायक्रोसेकंदांहूनही अधिक. म्हणजे वीस-पंचवीस हजार पटींचा फरक. प्रकाशाचा एक लखलखाट द्यायचा, मग कॅमेऱ्याचे दार काही मायक्रोसेकंद मिटून ठेवायचे, इतर सगळ्यांची चमक विझू द्यायची, आणि त्यानंतर दार उघडून जो प्रकाश उरला असेल तेवढाच टिपायचा. असे शेकडो किंवा हजारो लखलखाट एकावर एक साठवले की चित्र तयार होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याला असे दार नाही. त्याचा सर्वांत जलद शटरही मायक्रोसेकंदांच्या हिशेबात फार सावकाश चालतो, आणि लखलखाटाशी त्याची वेळ जुळवण्याची सोय तर नसतेच. यासाठी प्रतिमा-वर्धक नळी बसवलेला खास कॅमेरा लागतो आणि तो महाग असतो.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एकदा सांगायला हवे. अशा एका उपकरणासमोर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा समोर धूळ गोळा केलेला, हाताच्या तळव्याएवढा गोल फिल्टर कागद होता. साध्या अतिनील दिव्याखाली तो कागद निळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता: सुती धागे, परागकण, कागदाचे स्वतःचे तंतू. कॅमेऱ्याचे दार वीस मायक्रोसेकंद उशिरा उघडायला लावले आणि पडदा काळा झाला. सगळे धागे गेले, सगळे ठिपके गेले. पडद्याच्या डाव्या कडेला रव्याच्या कणाएवढी एकच खूण उरली. मोजणी वाढेल तशी ती हळूहळू उजळत गेली. तो कण आम्हीच मुद्दाम ठेवलेला चाचणीचा कण होता, तरी दोनशे ठिपक्यांतून तो एकटा वर आलेला पाहताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो.

प्रतिमेची खरी किंमत इथे आहे. माती किंवा धुळीचा संपूर्ण नमुना आम्लात विरघळवून मोजला तर आपल्याला सरासरी मिळते, आणि सरासरीत एकटा कण बुडून जातो. युरेनियम ऑक्साइडचा दहा मायक्रोमीटर व्यासाचा कण घेतला तर त्यात जेमतेम तीन-चार नॅनोग्रॅम द्रव्य असते. तोच कण ज्या ग्रॅमभर मातीत पडला आहे, तिच्यात निसर्गाने दिलेले युरेनियम त्याच्या दोन-तीनशे पट असू शकते. विरघळवलेल्या नमुन्यात या कणाने आकड्यात पडलेली भर मोजणीच्या चुकीएवढीही नसते. चित्रात मात्र तो आपल्या जागी, शेजारच्या कणांपासून वेगळा दिसतो, आणि सुईने उचलून पुढच्या तपासणीला पाठवता येतो. अमेरिकेत ओक रिज येथील जुन्या समृद्धीकरण कारखान्याची (जिथे युरेनियममधला युरेनियम-२३५ चा हिस्सा वाढवत) साफसफाई करताना भिंती आणि यंत्रांच्या पृष्ठभागांवर युरेनियम कुठे राहिले आहे ते शोधण्यासाठी लेसर आणि अशाच दार लावलेल्या कॅमेऱ्याची पद्धत वापरून पाहिली गेली. सगळी भिंत खरवडून नमुने घेण्यापेक्षा आधी चित्र पाहून मोजक्या जागा निवडणे कितीतरी सोपे पडते.

आता या पद्धतीच्या मर्यादा, आणि त्या मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण चुका इथेच होतात. खोटी चमक माणसाला घाबरवते, परंतु माझ्या अनुभवात खोटा अंधार जास्त धोकादायक असतो. युरेनिलची चमक विझवणारे पदार्थ पुष्कळ आहेत: क्लोराइड, लोह, मँगनीज, तांबे, कित्येक सेंद्रिय द्रव्ये. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाच्या फवारण्यांतून तांबे येते, आणि पाणी कठीण, म्हणजे क्षारांचे, असेल तर त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतात. कार्बोनेट युरेनिलला असे धरून ठेवते की ते पाण्यात विरघळलेले राहते, त्यामुळे पाण्याबरोबर दूरवर जाऊ शकते, पण साध्या तापमानाला चमकत जवळजवळ नाही. म्हणजे ज्या पाण्यात युरेनियम टिकून राहण्याची शक्यता अधिक, तेच पाणी दिव्याखाली काळे दिसते. शिवाय +४ अवस्थेतले युरेनियम, जसे की युरेनिनाइट या काळ्या खनिजातले, ही हिरवी चमक देतच नाही. झारखंडातल्या जादूगुड्याच्या खाणीतल्या धातुकाचा तुकडा अंधारात अतिनील दिव्याखाली ठेवला तर त्यातला मूळचा काळा भाग काळाच राहतो; कडेला हवा-पाण्याने गंज चढून जी पिवळी दुय्यम खनिजे झालेली असतील त्यांतली काही तेवढी चमकतात.

यावर उपाय रसायनाचा आहे. पाण्याच्या नमुन्यात सोडियम पायरोफॉस्फेटचे पाच टक्क्यांचे द्रावण, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ७ ला आणून, दहाव्या हिश्शाने घालतात. फॉस्फेट युरेनिलला कार्बोनेटच्या आणि इतरांच्या तावडीतून सोडवते, सगळ्या युरेनिलला एकाच रूपात आणते आणि त्याची चमक लांबवते. पृष्ठभागाची प्रतिमा घेतानाही फॉस्फेटचा बारीक फवारा मारण्याची रीत याच तत्त्वावर आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड या जुन्या अणुकेंद्रातील दूषित गाळावर काम करणाऱ्यांनी वेगळा मार्ग घेतला: नमुना द्रवरूप हीलियमच्या तापमानाला नेला की कार्बोनेटच्या जोडीतले युरेनिलही चमकू लागते आणि त्याचे दाते स्पष्ट उठतात. ही सोय आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात होणारी नाही, पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

क्लोराइडविषयी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत उन्हाळ्यात गोळा केलेल्या पस्तीसेक विहिरींच्या पाण्यांचे निकाल एकसारखे शून्याजवळ आले. मी ते समाधानाने वहीत उतरवले. आठवडाभराने एका नमुन्यात ज्ञात प्रमाणात युरेनियमचे प्रमाणित द्रावण घालून पाहिले, तर उपकरणाने त्या भरीचाही पाचवा हिस्साच दाखवला. चौकशी केली तेव्हा कळले की नमुने टिकवण्यासाठी नायट्रिक आम्ल घालायचे त्याऐवजी माझ्याच टेबलावरच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल घातले गेले होते. पाण्यात युरेनियम नव्हते असे नाही. क्लोराइडने त्याची चमक दाबून टाकली होती. पस्तीस गावांच्या विहिरींवर पुन्हा जावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक नमुन्यात ज्ञात भर घालून पुन्हा मोजतो आणि भर पूर्ण परत मिळाली तरच आकडा मान्य करतो. याला प्रमाणित भर पद्धत म्हणतात. ज्या अहवालात ती केल्याचा उल्लेख नाही, त्यातल्या ‘आढळले नाही’ या शब्दांवर मी विसंबत नाही.

खोट्या चमकेचे एक उदाहरण तर नाशिकच्या मातीतलेच आहे आणि मला ते फार प्रिय आहे. पांडवलेणीजवळच्या दगडाच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट, अपोफिलाइट आणि त्यांच्या सोबतीने क्वचित पॉवेलाइट सापडते. कॅल्शियम मॉलिब्डेटचे हे खनिज जगभरच्या संग्राहकांत नाशिकच्या नावानेच ओळखले जाते, आणि आखूड तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात ते सोनेरी-पिवळे झगमगते. आपल्या पाषाणातल्या पोकळ्यांत काय काय दडलेले असते हे पाहायचे असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एक दिवस काढा. पॉवेलाइटमध्ये ही चमक देतो तो मॉलिब्डेट गट, त्याचा युरेनियमशी संबंध नाही. परंतु त्याची चमक साध्या तापमानालाही दहा-वीस मायक्रोसेकंद टिकते, म्हणजे कॅमेऱ्याचे दार थोडेसेच उशिरा उघडले तर तोही आत शिरतो. कॅल्साइटमध्ये मँगनीज असेल तर त्याची नारिंगी चमक आणखीच लांब, मिलिसेकंदांपर्यंत रेंगाळते. म्हणून केवळ वेळेच्या खुणेवर निकाल देऊ नये. एकाच जागेची दोन चित्रे घ्यावीत, एक ५१६ नॅनोमीटरच्या दात्यावरच्या अरुंद फिल्टरमधून आणि दुसरे शेजारच्या खाचेवरच्या फिल्टरमधून. दात्यावर उजळ आणि खाचेत मंद असेल तरच ते युरेनिल. पॉवेलाइटच्या पसरट टेकडीला दोन्ही चित्रे जवळपास सारखीच येतात.

आण्विक पदार्थ या शब्दामागे तुमच्या मनात अर्थातच अणुभट्टी आणि अण्वस्त्रे यांचाही विचार असणार, तेव्हा त्याविषयीही स्पष्ट लिहितो. फ्लुरोसेन्सचे चित्र युरेनियम आहे आणि ते अमुक जागी आहे एवढेच सांगते. ते निसर्गातले आहे की कारखान्यातून आलेले, हे त्याला कळत नाही, कारण युरेनियम-२३५ आणि युरेनियम-२३८ या त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या प्रकारांची (समस्थानिकांची) चमक व्यवहारात एकसारखीच असते. निसर्गातल्या युरेनियममध्ये २३५ चे प्रमाण ०.७२ टक्के असते. ते वाढले आहे की घटले आहे हे अणूंना वजनानुसार वेगळे करणारा वस्तुमान वर्णपटमापकच सांगू शकतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९० च्या दशकात पर्यावरणीय नमुन्यांची पद्धत सुरू केली. तपासनीस सुती कापडाच्या छोट्या चौकोनाने कारखान्यातले पृष्ठभाग पुसून घेतात आणि ती पुसणी ऑस्ट्रियातील सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेकडे जाते. तिथे आधी गॅमा आणि क्ष-किरणांनी चाळणी होते, मग एकेक कणाचे समस्थानिक मोजले जातात. प्रकाशाच्या चित्राची भूमिका अशा साखळीत पहिल्या टप्प्यातली, कुठला कण उचलायचा हे दाखवण्याची आहे. प्लुटोनियमच्या बाबतीत तर ही पद्धत कामाचीच नाही, कारण पर्यावरणातल्या रूपात त्याला युरेनिलसारखी उपयोगी चमक नाही.

इथे शब्दांचा एक घोटाळा टाळायला हवा. क्ष-किरण फ्लुरोसेन्स हे वेगळे तंत्र आहे. तुमच्या विद्यापीठात त्याचे उपकरण असू शकेल. त्यात क्ष-किरणांनी अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात आणि युरेनियमची १३.६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा पाहतात. त्याला युरेनियम +४ असो की +६, काही फरक पडत नाही, हा मोठा फायदा. पण मातीतल्या रुबिडियमची रेषा १३.४ वर, अगदी खेटून येते, आणि किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम इतके कमी युरेनियम त्या गर्दीत हरवते. तुमच्या काळ्या मातीसाठी ते पुरेसे ठरणार नाही.

शेवटी बोअरच्या पाण्याविषयी, कारण मातीवरच्या डागांपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली आहे, भारतीय मानकातही आता तीच आहे, आणि आपल्या अणुऊर्जा नियामक परिषदेची जुनी मर्यादा ६० ची होती. ही मर्यादा मुख्यतः मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामावरून ठरली आहे. किरणोत्साराच्या हिशेबाने ३० मायक्रोग्रॅम नैसर्गिक युरेनियम म्हणजे एका सेकंदाला एकाहूनही कमी विघटन, तेव्हा कोणी गायगर काउंटर विहिरीवर धरून ‘पाणी स्वच्छ आहे’ असे सांगितले तर त्याला काही अर्थ नाही. पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि आंध्रच्या काही भागांत भूजलातले युरेनियम या मर्यादेच्या वर आढळते. दख्खनच्या पाषाणात मुळातच ते कमी असल्याने आपल्याकडे तसा धोका कमी आहे. तरीही बागायती भागात खतांतून भूजलात उतरणारे नायट्रेट युरेनियमला +६ अवस्थेत नेऊन विरघळवू शकते, हे अनेक ठिकाणच्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि द्राक्ष-कांद्याच्या पट्ट्यात नायट्रेटची तपासणी तर वेगळ्या कारणानेही करायलाच हवी.

पाण्यासाठी प्रतिमा घेण्याची गरज नाही; चमक किती आहे तेवढे मोजणारा फ्लुरोमीटर पुरेसा आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात नायट्रोजन लेसरवर चालणारा युरेनियम-मापक तयार झाला, आता एलईडीवर चालणारी छोटी यंत्रेही मिळतात, आणि ती लिटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपासपर्यंत विश्वासाने मोजतात. भूजलातील युरेनियम मोजणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना द्या, आणि प्रमाणित भर पद्धत वापरणार का हे आधीच विचारा. स्वतः प्रमाणित द्रावण आणून मोजणी करायची असेल तर ती विभागप्रमुखांमार्फतच करा, कारण युरेनियम हा अणुऊर्जा कायद्याखालील विहित पदार्थ आहे आणि त्याची खरेदी-साठवण नियमाने होते.

नमुना घेताना मोटर किमान दहा मिनिटे चालू ठेवा, म्हणजे पाइपातले साचलेले पाणी निघून जाईल. पॉलिथिनची एक लिटरची नवी बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या, ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळलेले पाणी भरा, आणि पीएच २ च्या खाली येईपर्यंत शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घाला. दुसरी बाटली आम्ल न घालता भरा. नायट्रेट, क्लोराइड आणि कठीणपणा तिच्यातून मोजतील. शेततळ्याचे पाणी यात मिसळू नका, ते वेगळे पाणी आहे. एक नमुना मे महिन्यात, पातळी सर्वांत खाली असताना, आणि दुसरा पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात घ्या, कारण एका हंगामाचा आकडा दुसऱ्या हंगामाला लागू पडेलच असे नाही. बाटलीवर तारीख, बोअरची खोली आणि कोणते आम्ल घातले त्याचे पूर्ण नाव कायम शाईने लिहा, आणि सही करा.